गरज सरो, आशा मरो



गेल्या तालुका बैठकीत विषयपत्रिका संपली, चहा आला आणि एका जुन्या कार्यकर्त्याने विचारले, "आशाबायांच्या संपाला आपण पाठिंबा द्यायचा म्हणता. आपला काय संबंध? आपण कापूसवाले, ज्वारीवाले. युनियनवाल्यांची दुकाने आपण कशाला चालवायची?" दोघातिघांनी माना डोलावल्या. आम्हाला राग आला नाही. प्रश्न सरळ आहे, त्याचे उत्तरही सरळच दिले पाहिजे. म्हणून हा लेख.

ही बाई कोण?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले. त्यात दर हजार लोकवस्तीमागे एक बाई नेमायची असे ठरले. ती त्याच गावची असावी, लग्न झालेली, विधवा किंवा टाकलेली असावी, किमान आठवी शिकलेली असावी. तिला नाव दिले 'आशा'. आज देशात अशा दहा लाखांच्या आसपास बाया आहेत, महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या घरात.

या अटी पुन्हा एकदा वाचा. गावातच राहणारी, थोडे शिकलेली, पैशाची गरज असलेली बाई. ती कोणाच्या घरची? कलेक्टरच्या घरची नाही, व्यापाऱ्याच्या घरची नाही, बँकेच्या मॅनेजरच्या घरची नाही. चार एकर कोरडवाहूत पराटी आणि तूर घेणाऱ्याची ती सून आहे. कर्जापायी ज्याने गळफास घेतला त्याची ती विधवा आहे. रोजमजुरी करणाऱ्याची ती लेक आहे. रात्री अडलेल्या बाळंतिणीबरोबर गाडीत बसून तालुक्याला जाते, पहाटे परत येते, भाकरी थापते आणि फडके बांधून वेचणीला निघते. तिच्या मानधनावर आपल्याच घरातले मीठमिरची चालते, पोराच्या फीचे पैसे जमतात, पेरणीच्या तोंडाला बियाण्याची एखादी थैली येते. तेव्हा 'आपला काय संबंध' या प्रश्नाचे पहिले उत्तर हे की, ती आपलीच आहे.

पण आम्ही एवढ्यावर थांबणार नाही. नात्यागोत्याचा आधार घेऊन कोणतीही मागणी मांडायची आपल्या चळवळीची रीत नाही. आपण हिशेब मांडतो. तो इथेही मांडू.

बेचाळीस रुपयेही नाहीत

गावात बाळ जन्मले की आशाने घरी जाऊन त्याला पाहायचे असते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा भेटी: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, श्वास मोजायचा, दूध ओढते का ते पाहायचे, आईला रक्तस्राव होतो का ते विचारायचे, सगळे फॉर्मवर लिहायचे. या सहा भेटींचा मोबदला म्हणून २०११ साली २५० रुपये ठरले. भागाकार करा. एका भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत.

आणि हे पैसे कधी? पंचेचाळिसाव्या दिवशी. तेव्हाच्या नियमांत अटी होत्या: वजनाची नोंद हवी, जन्माची नोंद हवी, लसी टोचलेल्या हव्यात आणि बेचाळीस दिवसांपर्यंत आई व बाळ दोघेही सुखरूप हवेत. म्हणजे बाईने सहा खेपा घातल्या, पण दवाखान्यात डॉक्टर नव्हता, गाडी वेळेवर आली नाही, बाळ दगावले, तर घामाचा पैसाही अडकला. कापसावर बोंडअळी पडली म्हणून पेरणीची मजुरी कोणी बुडवत नाही. इथे नियमातच तसे लिहिले होते.

क्षयाच्या रोग्याला सहा महिने गोळ्या खाऊ घालायच्या, त्याचे हजार रुपये. करोना आला तेव्हा मोठमोठे साहेब पडद्याआडून बोलत होते आणि ही बाई दारोदार फिरून ताप मोजत होती. त्या जोखमीसाठी केंद्राने महिन्याला हजार रुपये दिले. दिवसाला तेहतीस रुपये झाले. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. दिल्लीपासून मुंबईपर्यंत अभिनंदनाचे संदेश निघाले. पुरस्कार चुलीवर शिजत नाही, हे त्यांना कोणी सांगावे? गरज सरो, वैद्य मरो अशी म्हण होती. आता गरज सरो, आशा मरो.

लक्षात घ्या, ही बाई फुकट वाणवसा करत नाही. नवजात बाळाला घरच्या घरी कसे वाचवावे याचा अभ्यास गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने एकोणचाळीस गावांत केला. शिकवून तयार केलेल्या गावच्याच बायांनी तिथे नवजात मुलांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आला. पुढे देशभर आशांच्या हातात जे काम दिले ते याच धर्तीवरचे. म्हणजे या कामाची किंमत शास्त्राने सिद्ध केलेली आहे. फक्त ती द्यायची कोणी, हे ठरलेले नाही.

हे आपण भोगले आहे

आता आपल्या शेतात या. महाराष्ट्रात १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार योजना आली. कापूस सरकारलाच विकायचा. भाव सरकार ठरवणार. ग्रेड सरकारचा माणूस लावणार. चुकारा सरकारच्या सवडीने मिळणार. शेजारच्या राज्यात दोन पैसे जास्त मिळतात म्हणून गाडी सीमेपलीकडे नेली तर गुन्हा. खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, थंडीत गाडीखाली झोपलेले शेतकरी आणि वर ग्रेडरची मिजास, हे सगळे आपल्यातल्या जाणत्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. नव्या शतकाच्या सुरुवातीला ती मक्तेदारी संपली, पण तिने शिकवलेला धडा संपला नाही.

तो धडा असा: खरीददार एकच असेल आणि विकणारे हजारो, एकटेएकटे असतील, तर भाव ठरत नाही, लादला जातो.

आशाचे श्रम कोण विकत घेते? एकच खरीददार, सरकार. तिने ठरवले की हे काम मी दुसऱ्या कोणाला जास्त दराने देईन, तर दुसरा कोणी नाही. दर सरकार ठरवणार, काम सरकार वाढवणार. आधी बाळंतपणे, मग लसी, मग थुंकीचे नमुने, मग कुष्ठरोग, मग सर्वेक्षण, मग मोबाईलवर ऑनलाइन माहिती भरणे. पैसे मिळणार सरकारच्या सवडीने, दोन-दोन महिने थकूनसुद्धा. रजिस्टरमधल्या कोणत्या नोंदीला पैसे आणि कोणत्या नोंदीला शून्य, हे वर बसलेला ठरवणार. ही एकाधिकार योजना नाही तर काय आहे? फरक एवढाच की आपला कापूस गंजीत राहिला तरी दिसायचा. हिचा घाम वाळून जातो, तो दिसतही नाही.

एकाधिकाराविरुद्ध आपण काय केले? एकेकट्याने ग्रेडरच्या पाया पडलो नाही. एकत्र आलो, रस्त्यावर बसलो, तुरुंगात गेलो. भीक नको, घामाचे दाम हवेत, असे म्हणालो. तेच आशाने म्हटले की मात्र आपल्यातल्या काहींना ती 'युनियनबाजी' वाटते. हा कुठला न्याय?

पगार मागितला तर स्वयंसेविका, काम बंद केले तर अत्यावश्यक

सरकारची सगळी चलाखी एका शब्दात आहे: 'मानधन'. सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांत आशा ही 'मानद स्वयंसेविका' होती. तिला पगार नाही. काम असे बेतायचे की तिच्या नेहमीच्या कमाईत अडथळा येऊ नये. कागदावर किती गोड! आता कोणत्याही गावात जाऊन पाहा. सकाळी लसीकरण, दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्रात बैठक, संध्याकाळी माहिती भरणे, रात्री बाळंतीण. स्वयंसेवक तो, जो नाही म्हणू शकतो. आशाने नाही म्हटले तर तिचे नाव कापण्याची धमकी येते.

अंगणवाडी सेविकांचा दाखला घ्या. त्याही मानधनावरच्या. २०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने त्यांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे मेस्मा, लावला. विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्याला स्थगिती द्यावी लागली. पण सरकारच्या पोटातले ओठावर आले. पगार मागितला की तुम्ही समाजसेविका. घरी बसायचे म्हटले की तुमची सेवा एवढी अत्यावश्यक की तुरुंगात टाकू. आमचा प्रश्न आहे: जे काम एक दिवस थांबले तर राज्य अडते, त्याचा दर 'मानधन' कसा?

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात अंगणवाडीच्या बायांना १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, असा निकाल दिला. मानधन नाव दिले म्हणून ते वेतन नाही असे होत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. त्याच्याही आधी, मे २०१३ मध्ये, पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की योजनांवर काम करणाऱ्या अशा बायांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या, संघटना करण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क द्या. या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार तिघेही बसतात. म्हणजे शिफारस करताना सरकार स्वतः तिथे होते! २०१५ च्या परिषदेत तेच पुन्हा म्हटले गेले. त्यानंतर ही परिषद वर्षानुवर्षे भरलीच नाही. शिफारस नको असेल तर पंचायतच भरवायची नाही, हा गावगाड्यातला जुनाच डाव आहे.

संप कोणामुळे होतात?

"त्यांच्या संपाने गावातली लसीकरणे अडतात, गरोदर बायांचे हाल होतात," हा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. दुखणे आपल्याच गावाचे असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा गावातली आरोग्य यंत्रणा जागेवर असण्याची किंमत आपल्याला कळली. ती कोलमडावी असे आम्हाला मुळीच वाटत नाही.

पण संप होतो कसा ते पाहा. १५ जून २०२१ रोजी, करोनाच्या ऐन काळात, महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. आठवडाभराने सरकारने हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये करोना भत्ता कबूल केला. १८ ऑक्टोबर २०२३ रोजी पुन्हा संप. नोव्हेंबरात दिवाळीच्या तोंडावर सात हजार रुपये वाढीचे तोंडी आश्वासन मिळाले. आश्वासनावर विश्वास ठेवून बाया कामावर गेल्या. डिसेंबर गेला, शासन निर्णय नाही. १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप. लेकरे काखेला मारून बाया ठाण्याला आणि मुंबईच्या आझाद मैदानावर जाऊन बसल्या. मार्चमध्ये निवडणुकीची चाहूल लागली तेव्हा मंत्रिमंडळाने वाढ मंजूर केली. सात हजार नव्हे, पाच हजार!

यात गावाचे जे हाल झाले त्याला जबाबदार कोण? नोव्हेंबरातला शब्द नोव्हेंबरातच कागदावर आला असता तर जानेवारीचा संप झालाच नसता. ज्या धंद्यात दरवर्षी ठरल्या वेळी दोन्ही बाजू समोरासमोर बसतात, बोलणे लिहून काढतात, सह्या करतात आणि दोघेही ते पाळतात, तिथे संप क्वचितच होतो. जिथे बसायला टेबलच नाही, तिथे रस्ता हेच टेबल होते. संप संघटनेमुळे होत नाहीत. वाटाघाट नाकारल्यामुळे होतात.

आणि हे कोण्या एका पक्षाचे पाप नाही. केरळात कामगारांचे राज्य म्हणवणाऱ्या डाव्या आघाडीच्या सरकारच्या दारात फेब्रुवारी २०२५ पासून आशांचा एक मोठा गट ठाण मांडून बसला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आठ महिन्यांहून अधिक काळ तो बसून होता, तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीस हजार रुपयांची वाढ जाहीर झाली. झेंड्याचा रंग कोणताही असो, खुर्चीत बसलेला खरीददार एकाच रंगाचा असतो. म्हणूनच आम्ही म्हणतो, हा प्रश्न लाल की भगवा की तिरंगा असा नाही. कष्ट विकणाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे की नाही, असा आहे.

'उद्या या वेतन आयोग मागतील'

आता घरातल्या आक्षेपांकडे वळू. पहिला: "सरकारी नोकरांनी आपल्याला आधीच ओरबाडून खाल्ले. आणखी सत्तर हजार नोकर कशाला?"

संघटित नोकरदारांशी आपले भांडण जुने आहे आणि ते आम्ही मागे घेत नाही. पाचवा वेतन आयोग आला तेव्हा आपण विचारले होते की, खजिन्यातली पहिली पंगत यांची आणि उष्टे आमचे, हे कोणी ठरवले? तो प्रश्न आजही उभा आहे. पण आशाला त्या पंगतीत बसवू नका. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. आशाला नवी पेन्शनही नाही, तिला जुनी कुठली? महागाई भत्ता नाही, घरभाडे नाही, बदली नाही, बढती नाही. ती सरकारी व्यवस्थेत आहे, पण दाराबाहेर चपलांजवळ. खजिन्याची वाटणी उलटी आहे ही आपली तक्रार असेल, तर जी सर्वांत खाली आहे तिला ढकलून ती सुलटी होणार नाही.

दुसरा: "सेवाभाव कुठे गेला? जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून अडाणी बायांना शिकवून आरोग्याचे केवढे काम उभे केले. त्या बाया पगार मागत नव्हत्या."

जामखेड म्हणजे आपलाच ज्वारीचा कोरडवाहू मुलूख. तिथल्या कामाला आमचा दंडवत आहे. पण तिथली बाई गावाला बांधील होती, आणि तिला शिकवणारे तिच्या शेजारी बसत होते. आशाला वरून आकडे दिले जातात, रजिस्टरे दिली जातात, नोटिसा दिल्या जातात. मालकी साहेबाची आणि भाव सेवेचा, असे चालत नाही. शिवाय सेवाभावाचा उपदेश नेहमी खालच्यालाच का? तालुक्याच्या डॉक्टरला कोणी म्हणत नाही की तू मानधनावर काम कर. 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा' असे म्हणत आपल्याला पन्नास वर्षे लुटले. आता 'आशा ही गावाची माता' म्हणत हिला लुटणे चालू आहे. ज्याचे कौतुक फार होते, त्याने आपला खिसा चाचपून पाहावा.

तिसरा: "त्यांच्या संघटनेचे पुढारी शहरातले, डावे. शेतीमालाच्या भावाच्या प्रश्नावर ते आपल्या विरुद्ध उभे राहिले आहेत."

असतील. त्यांच्याशी तो वाद आपण चालूच ठेवू. पण कापसाच्या आंदोलनात आपल्याबरोबर कोण कोणत्या पक्षाचा आहे हे आपण विचारले होते का? पुढारी आवडत नाही म्हणून हक्क नाकारायचा, तर उद्या आपला पुढारी न आवडणारे आपला हक्क नाकारतील.

वाटाघाट आपल्या बांधावर

सामुदायिक वाटाघाट हा शब्द जड वाटतो. पण ही गोष्ट आपण दर हंगामात पाहतो. कापूस फुटला की वेचणीच्या बाया पाराजवळ नाहीतर कोणाच्या ओट्यावर बसतात आणि ठरवतात की यंदा किलोला एवढे. एकीला फोडून आपण कमी दरात न्यायला पाहतो, तर बाकीच्या तिला दटावतात. आपण कुरकुर करतो. भाव पडलाय, पाऊस झालाय, अळी आलीय, सगळी रडगाणी गातो. त्याही खाली उतरतात, आपणही वर चढतो. दर ठरतो. मग हंगामभर तो दोघेही पाळतात. कोणी त्यांना देशद्रोही म्हणत नाही, कोणी मेस्मा लावत नाही. आपल्या खिशाला चाट बसते तरी मनातून आपल्याला ठाऊक असते की, एकेकटी आली असती तर तिला आपणही पिळले असते.

गावच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायांना जे जमते ते सरकारला जमत नाही, असे कोण म्हणेल? जमत नाही असे नाही. करायचे नाही.

कायदाही असाच लंगडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात 'उद्योग' या शब्दाचा अर्थ रुंद केला आणि दवाखान्यातल्या नोकरांना औद्योगिक विवाद कायद्याचे दार उघडले. लगेच १९८२ साली संसदेने दुरुस्ती करून दवाखाने त्यातून वगळले. ते कलम मात्र कधीच अंमलात आणले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात, अनेक संघटना असतील तर एक्कावन्न टक्के कामगार ज्या संघटनेबरोबर तिला वाटाघाटीचा एकमेव अधिकार, अशी तरतूद आहे. ऐकायला बरे वाटते. पण धर्मादाय व समाजसेवी संस्थांनी चालवलेली ठिकाणे 'उद्योग' या व्याख्येबाहेर ठेवली, आणि संपाला चौदा दिवसांच्या नोटिशीची अट सरसकट घातली. 'स्वयंसेविका' ठरवलेल्या आशाचा प्रश्न जिथल्या तिथेच. संघटना करण्याचा हक्क आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क, यांचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे दोन करार आहेत, सत्याऐंशी आणि अठ्ठ्याण्णव क्रमांकाचे. त्यांवर भारत सरकारने मान्यतेची मोहोर उठवलेली नाही.

हे फक्त आशापुरते नाही. आपल्यातल्या कितीजणांनी वावर गहाण ठेवून लेकीला नर्सिंगला घातले? तीन वर्षे शिकून ती जिल्ह्याच्या खाजगी दवाखान्यात लागते. रात्रपाळी, दिवसपाळी, आणि हातात जे पडते त्यात खोलीभाडे आणि डबा भागत नाही. कुठे तर मूळ सर्टिफिकेटे मालक कपाटात ठेवून घेतो. आपण तिला सांगतो, "सोसून घे बाई, अनुभव मिळतो." केरळच्या नर्सेसनी सोसून घेतले नाही. २०११ पासून त्यांनी संघटना बांधली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने लहान खाजगी दवाखान्यातसुद्धा नर्सला महिना वीस हजारांच्या खाली देऊ नये असे सांगितले. शिफारस सगळ्या देशासाठी होती. पण २०१७ चे आंदोलन झाले तेव्हा कुठे एप्रिल २०१८ मध्ये केरळ सरकारने वीस हजारांचे किमान वेतन अधिसूचित केले. जिथे संघटना नव्हती तिथे तोच कागद फायलीत पडून राहिला. शिफारशी सगळ्यांना सारख्या मिळतात, पदरात ज्याच्या त्याच्या संघटनेएवढेच पडते.

आपण काय करायचे?

आम्ही भाबडा पाठिंबा मागत नाही. जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव ठेवत आहोत. त्यावर कडाडून चर्चा व्हावी.

एक. आशा व गटप्रवर्तक यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी. 'मानधन' हा शब्द कागदावरून काढून 'वेतन' लिहावा आणि ते किमान वेतनाखाली नसावे.

दोन. राज्य सरकारने त्यांच्या संघटनांच्या प्रतिनिधींबरोबर दरवर्षी ठरल्या महिन्यात वाटाघाटीला बसावे. झालेला करार तीस दिवसांत शासन निर्णय म्हणून निघावा. तोंडी आश्वासनावर संप मोडण्याची पद्धत बंद व्हावी.

तीन. नवे काम द्यायचे तर आधी त्याचा दर ठरवावा. दर नाही तर काम नाही.

चार. मेस्माचा बडगा आणि 'स्वयंसेविका' हा शब्द, दोन्ही एकाच बाईला लावता येणार नाहीत. सरकारने एक काहीतरी निवडावे.

पाच. खाजगी आणि धर्मादाय दवाखान्यांतल्या नर्सेस व कर्मचाऱ्यांनाही संघटनेचा आणि वाटाघाटीचा हक्क असावा. धर्मादाय म्हणून करसवलत घ्यायची आणि नर्सला धर्मावर राबवायचे, हे चालणार नाही.

आणि सहावा ठराव आशाभगिनींसाठी. संप करायची पाळी आली तर अडलेली बाळंतीण, सर्पदंश आणि विषबाधा यांना सोडू नये. संपाची कारणे आधी ग्रामसभेत येऊन सांगावीत. गाव तुमच्या पाठीशी उभे राहावे असे वाटत असेल तर गावाला विचारात घ्या. आणि आपल्या कापसाच्या, ज्वारीच्या भावासाठी आम्ही रस्त्यावर बसू तेव्हा तुम्हीही शेजारी या. तुमच्या घरचा कापूसही त्याच बाजारात जातो.

कोणी म्हणेल, यात चळवळीचा मूळ मुद्दा बाजूला पडतो. आम्हाला उलट वाटते. शेतीमालाला भाव का मिळत नाही, याचे उत्तर आपण वर्षानुवर्षे देत आलो: कष्ट करणारा विखुरलेला आहे आणि घेणारा ताकदवान आहे म्हणून. हे उत्तर खरे असेल तर ते वावरात खरे आणि दवाखान्यात खोटे असू शकत नाही. आपल्या घरात दोन एकाधिकार नांदत होते. एक आपल्या गाडीतल्या कापसावर होता, त्याविरुद्ध आपण लढलो. दुसरा आपल्या सुनेच्या खांद्यावरच्या पिशवीवर आहे. त्याकडे आपण पाहिलेच नाही, कारण ती कधी बोलली नाही. आता ती बोलते आहे.

पुढच्या बैठकीला येताना एकेकट्याने येऊ नका. तुमच्या गावच्या आशाला बरोबर घेऊन या. तिला मागे नव्हे, पुढच्या रांगेत बसवा. आणि आधी तिला बोलू द्या.